न फिरणाऱ्या बेअरिंगला

प्रिय थ्रस्ट बेअरिंग,

रेडिओवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरात तुझी जागा कुठे असते, हे ती उडवणाऱ्यांपैकीही अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. पातं ज्या ग्रिपमध्ये बसतं तिच्या टोकाशी, फेदरिंग शाफ्टच्या बोल्टच्या लगेच मागे तू असतोस. दोन पोलादी चकत्या आणि त्यांच्या मधोमध पिंजऱ्यात बसवलेले छर्रे, एवढाच तुझा पसारा. व्यास जेमतेम दीड सेंटिमीटर. पत्र तुला लिहितोय, पण उघड लिहितोय. कारण तेलाची बाटली हातात घेऊन दिसेल तिथेच थेंब सोडणाऱ्या माझ्या सगळ्या हेलिकॉप्टरवेड्या मित्रांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तू काय पेलतोस ते आधी आकड्यांत सांगतो. सातशेच्या वर्गातलं मॉडेल घेऊ. पातं 690 मिलिमीटर लांब, वजन 180 ग्रॅम, आणि त्याचा गुरुत्वमध्य रोटरच्या मध्यापासून साधारण 40 सेंटिमीटरवर. रोटर मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल, तर ते पातं तीनशे किलोहून जास्त भाराने बाहेर ओढलं जातं. म्हणजे पन्नास किलोची सहा पोती त्या टोकाला टांगली आहेत असं समजायचं. ग्रिपमधली साधी बेअरिंगं पात्याला डुगडुगू देत नाहीत, पण हा बाहेरचा ओढा त्यांच्या वाट्याला येत नाही. तो सगळा तुझ्यावर. पलीकडच्या ग्रिपमध्ये तुझा जोडीदार तितक्याच जोराने उलट दिशेला खेचत असतो, आणि एकच पोलादी दांडा, म्हणजे फेदरिंग शाफ्ट, तुम्हा दोघांना धरून असतो.

आणि एवढा भार अंगावर असताना तुला धड फिरायलाही मिळत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोटरचं बेअरिंग गरगर फिरतं. त्याचा प्रत्येक छर्रा वंगणातून पुन्हा पुन्हा न्हाऊन निघतो. तू मात्र डुलतोस. पात्याचा कोन बदलतो तेवढाच वळतोस आणि परत येतोस. रिमोटवरची सायक्लिकची काडी कोपऱ्यात दाबली, तर हे येणं-जाणं सेकंदाला 33 वेळा होतं. चकती दहा अंश वळली की छर्रे तिच्या निम्मेच, पाच अंश सरकतात. तुझ्या मापाच्या बेअरिंगमध्ये हे अंतर भरतं सुमारे अर्धा मिलिमीटर. तेवढ्याच जागेवर, तेवढ्याच भाराखाली छर्रा घासत राहतो; मधलं वंगण बाजूला रेटलं जातं आणि परत आत यायला त्याला वाट सापडत नाही. मग पोलाद पोलादाला भिडतं. तांबूस रंगाची बारीक पूड सुटते, आणि ती पूड स्वतःच पॉलिश पेपरचं काम करू लागते. चकतीवर एकेका छर्र्याचा खळगा उमटतो. त्यानंतर कितीही ग्रीस भरलं तरी तो खळगा भरून येत नाही.

म्हणून तुला पातळ तेल चालत नाही. तेल टिकत नाही, भाराखाली पिळून निघतं आणि रोटर फिरू लागला की बाहेर फेकलं जातं. तुला हवं असतं जाड, भार सोसणारं ग्रीस. लिथियमचं ईपी ग्रीस गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतं. बाकीच्यांच्या गरजा निराळ्या. शेपटीच्या शाफ्टची बेअरिंगं मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे घेतात, त्यांना हलकं तेल मानवतं. दाट ग्रीस भरलं तर ती नुसती तापतात. वन-वे बेअरिंगमध्ये जड ग्रीस कोंबलं तर त्यातले रोलर वेळेवर पकड घेत नाहीत. प्लास्टिकच्या बॉल लिंक कोरड्याच बऱ्या, तेल लावलं की मैदानातली सगळी धूळ तिथे येऊन चिकटते. एकच बाटली घेऊन सगळीकडे हात फिरवणं म्हणजे निष्काळजीपणाच, मग तो कितीही नियमित असो.

तुझी तपासणीही वेगळी करावी लागते. पातं काढून ग्रिप नुसती हाताने फिरवली तर तू गुळगुळीतच लागतोस, कारण तेव्हा तुझ्यावर भारच नसतो. ग्रिप जोराने बाहेर ओढून धरायची आणि मग हळूहळू दोन्हीकडे वळवायची. बोटांना किंचित अडखळल्यासारखं जाणवलं, एखाद्या ठिकाणी ग्रिप बसू पाहते असं वाटलं, तर उघडायलाच हवं. उघडल्यावर चकत्या पेट्रोलने धुऊन, सुकवून भिंगाखाली धरायच्या. चांगल्या चकतीवर छर्र्यांच्या वाटेचा एकसारखा चकचकीत पट्टा दिसतो. त्या पट्ट्यात ठिपके दिसले, तर डाव्या-उजव्या दोन्ही ग्रिपमधली बेअरिंगं बदलावीत.

परत जोडताना दोन गोष्टी जपायच्या. तुझ्या दोन चकत्या दिसायला सारख्या, पण त्यांची भोकं सारखी नसतात. फरक असतो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाचा. व्हर्निअर नसेल तर दोन्ही शाफ्टवर चढवून पाहायच्या: एक अंगाबरोबर बसते, दुसरी थोडी सैल फिरते. सैल ती आत, हबच्या बाजूला. अंगाबरोबरची बाहेर, बोल्टच्या बाजूला. उलटं बसवलं तर ग्रिपबरोबर वळणारी चकती शाफ्टला घासत राहते आणि सर्वो विनाकारण दमतात. दुसरी गोष्ट बोल्टची. त्याच्या आट्यांना थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक, लागतं, आणि आट्यांवर ग्रीसचा नुसता हात लागला असेल तरी ते धरत नाही. तेच थ्रेडलॉक ओघळून तुझ्या छर्र्यांत गेलं तर तू गच्च होतोस. या दोन परस्परविरोधी पदार्थांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर असतं. म्हणून आधी ग्रीसचं काम संपवावं, हात धुवावेत, आटे स्पिरिटने पुसावेत आणि मगच थ्रेडलॉकची नळी उघडावी. तेही एक थेंब, पसरून.

मोठ्या हेलिकॉप्टरांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. सिकोर्स्कीच्या ब्लॅक हॉकच्या हबमध्ये रबर आणि धातूच्या थरांची इलास्टोमेरिक बेअरिंगं आहेत. थर पिळवटतात, भार झेलतात आणि त्यांना वंगण लागतच नाही. आमच्या मॉडेलांत मात्र अजून तूच आहेस. पात्याच्या टोकाचा वेग ताशी जवळजवळ सहाशे किलोमीटर असतो आणि उडवणारा माणूस तिथून काही मीटरवर उभा असतो. तुझी देखभाल मला पैशाच्या हिशोबातली वाटत नाही ती यामुळे.

आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने उडवणं जवळपास बंदच असतं. हेलिकॉप्टर माळ्यावर जातं, हवा ओलसर असते आणि जुनं, सुकलेलं ग्रीस पोलादाला झाकत नाही. उन्हाळ्याची धूळही त्यातच अडकलेली असते. सर्व्हिसिंग लोक गणपतीनंतर, उडवायला सुरुवात करताना करतात. ते माळ्यावर ठेवण्याआधी करायला हवं. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढून नवं भरावं. दोन जातींची ग्रीसं एकत्र झाली तर कधी कधी दोन्ही पातळ होऊन वाहतात.

आणि वापरलेलं मॉडेल विकत घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. विकणारा कॅनोपीचा रंग दाखवेल, बॅटरीचे चार्ज सांगेल, एखादी फेरी मारूनही दाखवेल. तुम्ही ॲलन की बरोबर न्या आणि आधी ग्रिप उघडून मागा. त्याने नकार दिला तर नवी थ्रस्ट बेअरिंगं, नवा फेदरिंग शाफ्ट आणि नवे बोल्ट यांची किंमत वजा करूनच सौदा करा, आणि हे तिन्ही बदलल्याशिवाय पहिलं उड्डाण करू नका.

तुझा,
एक हेलिकॉप्टरवाला