दोन अक्षरी कोडे

मराठी माणसाचा सगळा संसार एका दोन अक्षरी शब्दावर चालतो, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. तो शब्द म्हणजे 'जीव'. मुलगा वेळेवर घरी आला नाही की आईचा जीव टांगणीला लागतो. आला की तिच्या जिवात जीव येतो. पोळ्या लाटून आणि डबे भरून तो मेटाकुटीला येतो, तरी नातवंडांवर जडायचा राहत नाही. पहाटे अंथरुणातून उठणे जिवावर येते. गवई गाण्यात जीव ओततो, चिक्कू माणसाचा जीव पैशात अडकतो, आणि गोष्टीतल्या राक्षसाचा तर सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातल्या पोपटात असतो!

मी मराठी शिकवते. जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, ते मी झोपेतसुद्धा सांगेन. पण नुसता 'जीव' म्हणजे काय, असे कोणी विचारले तर? शब्दकोश उघडावा, तर तेथे 'प्राण' असा अर्थ मिळतो. 'प्राण' काढून पाहावा, तर पुन्हा 'जीव'. कोशांची ही जुनीच खोड आहे. एक शब्द आपल्याला शेजाऱ्याकडे पाठवतो आणि शेजारी परत पहिल्याच दाराशी आणून सोडतो.

मग मी शास्त्राच्या दाराशी गेले. शाळेत आपण सजीवांची लक्षणे पाठ केलेली असतात. सजीव अन्न घेतो, वाढतो, हालचाल करतो, आपल्यासारखे दुसरे निर्माण करतो. उत्तर कसे नीटनेटके आहे! पण ह्या दिवसांत दारात लावलेली पणती पाहा. ती तेल पिते, हवा घेते, वाढते, वारा आला की अंग चोरते, आणि एकीवरून दुसरी लावता येते म्हणजे तिला लेकुरेही होतात. तरी पणतीला कोणी सजीव म्हणत नाही. उलट बिचारे खेचर! त्याला बहुधा पिल्ले होत नाहीत. म्हणून त्याला निर्जीव म्हणायला जावे, तर ते लाथ मारून आपली चूक दाखवून देईल.

1935 मध्ये वेंडेल स्टॅन्ली ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक मिळवले. मिठासाखरेसारखे बाटलीत भरून ठेवावेत असे स्फटिक! पण तेच पानाला चोळले की पुन्हा रोग उभा. ह्या कामासाठी 1946 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्यांत स्टॅन्लीही होता. पण विषाणू सजीव की निर्जीव, ह्यावर एकमत काही झाले नाही. 2020 मध्ये असल्याच एका विषाणूने साऱ्या जगाला घरात कोंडून घातले. दारावरच्या भाजीवाल्यालासुद्धा आपण लांबून बोलत होतो. ज्याला जिवंत म्हणावे की नाही हे ठरलेले नाही, त्याने जिवंत माणसांची अशी दैना करावी, हा विनोद फार कडू म्हटला पाहिजे.

आणखी एक उदाहरण देते. इस्राएलमधल्या मसाडा नावाच्या जुन्या किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या होत्या. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांतली एक 2005 मध्ये पेरली, आणि तिला चक्क कोंब आला! पुढे त्याचे झाड झाले. आता सांगा, मधल्या वीस शतकांत ती बी जिवंत होती की मेलेली? मेलेली म्हणावी तर कोंब कोठून आला? आणि जिवंत म्हणावी तर इतकी वर्षे ती करीत काय होती?

ह्या कोड्याने मोठमोठ्यांना भुरळ घातली आहे. एर्विन श्रोडिंगर हा पदार्थविज्ञानातला केवढा मोठा माणूस. पण 1943 मध्ये डब्लिन शहरात त्याने व्याख्याने दिली ती जीवन म्हणजे काय ह्या विषयावर, आणि पुढच्या वर्षी त्यांचे लहानसे पुस्तक झाले. त्याच्या म्हणण्याचा एक भाग कोणत्याही गृहिणीला चटकन पटेल. जगातली प्रत्येक वस्तू पसाऱ्याकडे चाललेली असते. सजीव तेवढा भोवतालातून सुव्यवस्था ओढून घेतो आणि आपले घर आवरलेले ठेवतो. आवरणारा हात थांबला की चार दिवसांत घराची जी दशा होते, ती देहाची होते. हे वाचून मला फार आनंद झाला. पण मग दुसऱ्याच क्षणी प्रश्न आला, की आवरणारा तो हात कोणाचा, आणि पहिल्यांदा आवरायला सुरुवात कोणी केली?

येथे कोड्याचे दुसरे टोक हाती येते. एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदकाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत सार उकळून ठेवले. हवा आत जात होती, पण हवेतली धूळ नळीच्या वळणात अडकून राहत होती. ते सार नासले नाही. नळी मोडली, तेव्हा मात्र नासले. जीव जिवापासूनच होतो, हे ह्या प्रयोगाने लोकांच्या मनावर ठसले. उत्तर इतके चोख, की त्यातूनच पुढचा प्रश्न जन्माला आला: मग पहिला जीव कशापासून झाला?

1953 मध्ये शिकागोच्या विद्यापीठात स्टॅन्ली मिलर नावाच्या तरुण विद्यार्थ्याने, हॅरल्ड युरी ह्या आपल्या गुरूच्या देखरेखीखाली, काचेच्या भांड्यांत पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन कोंडून त्यांत विजेच्या ठिणग्या पाडल्या. बाल्यावस्थेतल्या पृथ्वीवरचे आकाश आणि समुद्रच त्याने टेबलावर मांडला म्हणा ना! आठवड्याभरात पाणी रंगले आणि त्यात अमिनो आम्ले सापडली. आपल्या शरीरातली प्रथिने ज्या विटांनी बांधली जातात, त्या ह्या विटा. त्याच वर्षी वॉटसन आणि क्रिक ह्यांनी डीएनएची रचना उलगडली. आता पाचदहा वर्षांत जीव बाटलीत तयार होणार, असे लोकांना वाटले असेल तर नवल नाही.

त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. मिलर 2007 मध्ये वारला. विटा पुष्कळ जमल्या. 2023 मध्ये बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून एका यानाने सुमारे 120 ग्रॅम धूळमाती पृथ्वीवर आणली, तिच्यातसुद्धा विटा निघाल्या. जीवसृष्टी प्रथिनांसाठी जी 20 अमिनो आम्ले वापरते, त्यांतली 14 तीत होती. म्हणजे विटांचा तुटवडा विश्वात कोठेच नाही! पण विटांचा ढीग म्हणजे वाडा नव्हे. आणि हा वाडा तर असा, की त्याने आपल्यासारखा दुसरा वाडा स्वतःच बांधला पाहिजे. पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवसृष्टीच्या खुणा मिळतात. मधल्या काळात कोठे तरी ही गोष्ट घडली. कशी घडली, हे कोणालाही सांगता आलेले नाही.

जीव कदाचित येथे जन्मलाच नसेल, बाहेरून आला असेल, असाही एक पक्ष आहे. फ्रेड हॉइल हा त्याचा पुरस्कर्ता, आणि त्याचे शिष्य म्हणजे आपले जयंत नारळीकर. 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, म्हणून आम्ही मराठीची माणसे त्यांच्यावर थोडा हक्क सांगतो. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादहून मोठमोठे फुगे वातावरणात सोडले आणि 41 किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून खाली आणली. तीत जीवाणू मिळाले. 2005 मधल्या उड्डाणातून तर तीन नव्या जाती हाती लागल्या. एकीला हॉइलचे नाव मिळाले, एकीला आर्यभटाचे आणि एकीला इस्रोचे. हे जीवाणू वरून खाली येत होते की खालूनच वर गेले होते? ह्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही, आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. बारशापर्यंत सगळे झाले. बाळ कोणाच्या घरचे, एवढेच तेवढे ठरायचे राहिले!

ऋग्वेदातले नासदीय सूक्त ज्यांनी वाचले असेल, त्यांना ठाऊक आहे की सृष्टी कोठून झाली ह्या प्रश्नाने त्याचा शेवट होतो, आणि सर्वांच्या वर असलेल्या साक्षीलाही ते ठाऊक असेल की नसेल, अशी शंका ऋषी बोलून दाखवतो. ह्यात आजचे विज्ञान शोधू पाहणारे लोक आहेत. मी त्यांतली नव्हे. मला तेथे आवडतो तो ऋषीचा प्रामाणिकपणा. इतके मोठे सूक्त रचणाऱ्याला शेवटी एक ठाम उत्तर ठोकून द्यायला कितीसा वेळ लागला असता?

हे सगळे दिवाणखान्यात बसून बोलायला फार बरे असते. पण कधी कधी हाच प्रश्न दवाखान्याच्या व्हरांड्यात आपली वाट अडवून उभा राहतो, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मागतो.

2017 च्या श्रावणात माझ्या मामाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी चहाची बशी हातात होती, ती खाली ठेवण्याइतकाही अवधी मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी चार डॉक्टरांच्या मंडळाने त्याला तपासले. डोळ्यांत प्रकाश टाकला, बाहुली हलली नाही. श्वासाचे यंत्र थोडा वेळ अलग करून पाहिले, छाती आपणहून उचलली गेली नाही. सहा तासांनी तेच सगळे पुन्हा केले. मग एका डॉक्टरांनी आम्हांला खुर्च्या दिल्या आणि सांगितले, की मेंदूच्या तळचा, देठासारखा जो भाग श्वासाला हुकूम देतो तो मेला आहे. कायद्याने आता मृत्यू झाला आहे. आणि तुमची इच्छा असेल तर अवयवदान करता येईल.

असा कायदा 1994 पासून आपल्याकडे आहे. त्याच्या आधी मृत्यूची खूण फार सोपी होती. छातीला कान लावायचा. पण श्वासाच्या यंत्रांनी ती खूण पुसून टाकली. 1968 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीने मेंदूच्या मरणाला मरण मानावे असे सुचवले, त्याचे एक कारण हेच, की यंत्रांमुळे असे न जिवंत न मेलेले देह प्रथमच माणसासमोर येऊ लागले होते. मरणाची व्याख्यासुद्धा माणसांना एकत्र बसून ठरवावी लागली!

मामी माझ्याकडे वळली. मामेभाऊ बंगळूरहून निघाला होता, पोचायचा होता.

"अग, तू एवढी पुस्तके वाचतेस. मला खरे सांग. ह्यांच्यात आता जीव आहे का? हात ऊन आहेत ग त्यांचे."

वर सांगितलेले पुष्कळसे मला तेव्हाही ठाऊक होते. त्यातले काही उपयोगाचे नव्हते. मी म्हटले, "मामी, हात यंत्रामुळे ऊन आहेत. जीव म्हणजे काय, ते कोणालाच ठाऊक नाही. पण मामा आता परत यायचे नाहीत, एवढे डॉक्टरांना पक्के ठाऊक आहे."

"नक्की यायचे नाहीत ना?"

"नक्की."

ती बराच वेळ त्याच्या हातावरून हात फिरवीत राहिली. मुलगा आल्यावर दोघे आत जाऊन आली. मग तिने डॉक्टरांना विचारले, "कागद कुठे आहे?"

दोन मूत्रपिंडे, यकृत आणि डोळे दिले. कोणाला, ते सांगत नाहीत. वर्ष भरत आले तेव्हा मामीला एक शंका आली, आणि ती तिने गुरुजींना विचारली. ह्यांची मूत्रपिंडे कोठे तरी चालत असतील. मग ह्यांचे श्राद्ध करायचे ते पुरे माणसाचे करायचे का? गुरुजी भले गृहस्थ. त्यांनी थोडा विचार केला आणि पोथीत ह्याविषयी काही नाही, असे सांगून टाकले. मामीने श्राद्ध केले. आणि तेव्हापासून पाण्याचा तांब्या भरून घेताना ती कोणा अनोळखी माणसाला 'पाणी भरपूर पी रे बाबा' असे मनातल्या मनात सांगते.

मामा मेला, हे खरे. त्याच्या देहाचा एक तुकडा कोठे तरी जिवंत आहे, हेही खरे. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे, ते मला नीट सांगता येत नाही. न सुटलेल्या प्रश्नांशी वागण्याच्या दोन सोप्या तऱ्हा मी आजवर पाहिल्या. काही लोक पहिले सापडेल ते उत्तर त्या खड्ड्यात भरून वर सारवून टाकतात. काही लोक 'कोणालाच कळत नाही, मग विचारता कशाला?' म्हणून पान उलटतात. मामीने ह्यांतले काहीच केले नाही. जे ठाऊक होते तेवढ्यावर पाय ठेवून ती सही करून आली, आणि जे ठाऊक नव्हते ते तिने अजून विचारायचे सोडलेले नाही. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत करतात ते ह्याहून फार वेगळे असेल, असे मला वाटत नाही.

1952 मध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. रोग्यांच्या छातीचे स्नायू लुळे पडत होते, आणि यंत्रे पुरत नव्हती. तेव्हा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना बोलावले. रोग्याच्या घशातून नळी घातलेली, तिला रबराची पिशवी जोडलेली. ती पिशवी हाताने दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. रात्रंदिवस, पाळीपाळीने, आठवडेच्या आठवडे. त्या मुलांना कोणी जिवाची व्याख्या विचारली असती, तर एकालाही ती धड सांगता आली नसती. पिशवी मात्र त्यांनी हातातून सोडली नाही.