कारवी आणि घूस

२०२४ च्या पावसाळ्यात गोरेगावच्या पूर्वेकडील डोंगरउतारांवर कारवी फुलली. सात वर्षे नुसते वाढायचे, आठव्या वर्षी जांभळा बहर द्यायचा आणि बी धरले की वाळून जायचे, हा तिचा नेम. घुशीला असला धीर ठाऊक नाही. तिचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, आणि संसार बाजारातील गटारापासून चर्चच्या कुंपणापर्यंत.

आदामाने पशुपक्ष्यांना नावे दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे; झाडांच्या नावांचा तेथे उल्लेख नाही. ते काम वनस्पतिशास्त्रज्ञांकडे आले. त्यांनी कारवीला अबोली-अडुळशाच्या कुळात बसविले. १९४४ साली ब्रेमेकाम्प यांनी तिच्यासाठी 'कार्व्हिया' ही स्वतंत्र प्रजातीच केली. म्हणजे आमच्या डोंगरावरचा शब्द लॅटिनमध्ये गेला. घुशीचे 'बॅन्डिकोटा' तेलुगूतील 'पंदिकोक्कु'वरून, अर्थ डुक्करउंदीर. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या ज्या गणात ती मोडते, त्यातच आपला राज्यप्राणी शेकरूही आहे.

परंतु शास्त्राचे गोत कायदा मानीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकरूला अभय दिले आणि उंदरांना उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत टाकले. हा राग अगदीच अकारण म्हणवत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर साष्टीतील आमच्या गावठाणांत उभारलेले क्रूस अजून उभे आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवी यादीच काढून टाकली. घुशीला त्यामुळे संरक्षण मिळाले असे मात्र नव्हे.

कारवीचेही तसेच. तिची दक्षिणेकडील बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. तिचे नाव आता संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहे, कारवीचे नाही. आम्हांस हा पंक्तिप्रपंचच वाटतो. शेकरू कोठेही असो, कायदा त्याच्याबरोबर चालतो. कारवीला मात्र ती उगवलेल्या जमिनीचाच काय तो आधार. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ती सुरक्षित, हद्दीबाहेर नुसते झुडूप. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात पडली, तेव्हा जमिनीचा हा आधार किती तकलादू असतो ते गोरेगावकरांनी पाहिले. पुढे आरेची सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन झाली खरी.

आरेतील वारली पाड्यांचा हिशेब निराळाच. तेथे पिढ्यान्‌पिढ्या कारवीच्या काठ्यांचे कूड उभारून ते शेणामातीने लिंपीत आले आहेत, आणि त्याच कुडाच्या बुडाशी घूस बीळ काढते.