पाण्याकाठचा सप्ताह



वाचक माउली, सप्ताह म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे मंडप येतो, कर्णे येतात, पंगतीची धांदल येते. असे सप्ताह मी चाळीसएक वर्षे केले. आज ज्या सप्ताहाविषयी लिहितो आहे त्याला मंडप नव्हता, वीज नव्हती, वर्गणी नव्हती आणि पत्रिकेवर कोणत्या महाराजांचे नाव आधी छापावे हा वादही नव्हता. आम्ही चार म्हातारे होतो आणि समोर पाणी होते.

चौघे म्हणजे विणेकरी आबा, मृदंगवाले अण्णा, टाळकरी नाना आणि मी. मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरपर्यंत आम्ही कितीदा चाललो याचा हिशेब आता कोणालाच नीट लागत नाही. माझा घसा दोन वर्षांपूर्वी बसला तो बसलाच. कीर्तने बंद झाली. कीर्तनकार थांबला की लोक त्याला पुढे बसवतात, शाल देतात, नारळ देतात आणि दुसऱ्याचे कीर्तन ऐकवतात. तो एक निराळाच उपवास असतो, भोगल्याशिवाय कळत नाही.

बेत आबांचा. त्यांनी नर्मदा परिक्रमा केली आहे. परिक्रमावासी सातपुड्यातून काठी, मोलगी असे पुढे जातात, त्या वाटेवर आबांना ताप भरला आणि एका भिल्ल कुटुंबाने त्यांना चार दिवस घरात ठेवून घेतले. तेव्हापासून आबा म्हणत होते, “एकदा त्या घरी ज्ञानेश्वरी वाचायची आहे.” मार्गशीर्षात योग आला. शुद्ध सप्तमीला बसायचे आणि त्रयोदशीला उठायचे असे ठरले.

अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून काठीला पोहोचलो. काठीचे नाव तुम्ही तिथल्या राजवाडी होळीमुळे ऐकले असेल. ही होळी 1246 सालापासून चालत आली आहे असे तिथे सांगतात. मी मनाशी हिशेब केला. आपल्या माउलींचा जन्म शके 1197चा, म्हणजे इसवी सन 1275. लोक सांगतात ते धरले तर माउली जन्माला येण्याच्या आधीपासून त्या मैदानात होळीचा उंच बांबू उभा राहतो आहे. होळीचे व्रत घेणारे दिवसेंदिवस पायात काही घालत नाहीत, खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर निजतात. आम्ही गेलो तेव्हा मैदान रिकामे होते, दोन शेळ्या चरत होत्या. नानांनी चप्पल काढून नमस्कार केला. मी आधी थांबलो, मग मीही काढली.

काठीहून जीप जिथवर गेली तिथवर गेलो. पुढे गुडघ्यांची परीक्षा पाहणारी उतरण, आणि उतरणीखाली बोट घेऊन आमचे यजमान. वय पन्नाशीच्या पुढचे. मराठी मोजकी बोलतात, पण तोलून.

पाणी पाहून अण्णा म्हणाले, “केवढं तळं हो!” ते तळे नव्हे, ती नर्मदाच, सरदार सरोवराने थांबवलेली. धरणाची उंची 138.68 मीटर. त्याचे पाणी महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या 33 गावांत शिरले आहे. हे आकडे मी पूर्वी वर्तमानपत्रात वाचले होते आणि वाचून पान उलटले होते.

घर डोंगराच्या कुशीत, एकटे. कुडाच्या शेणाने सारवलेल्या भिंती, वर कौले, आत सागाचे खांब. सौरदिवा होता, पण तो ढगाळ दिवसानंतर घटकाभरच जळे. पहिल्या रात्री फोन लागेना म्हणून नाना अंगणभर हात वर करून फिरले. दुसऱ्या रात्री कमी फिरले. तिसऱ्या दिवशी फोन त्यांनी पिशवीतल्या बाराबंदीत गुंडाळून ठेवला.

दिनक्रम साधा. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी विसावा, सायंकाळी हरिपाठ. नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. आमच्या डोळ्यांना ते दिवसाउजेडीच जमे. मी एका खांबाला पाठ लावून वाचत असे. त्या खांबाचा उल्लेख पुढे येणार आहे.

गंमत सांगतो. अण्णांच्या मृदंगाला धुमेवर लावायला गव्हाची कणीक लागते. आम्ही आणलेली कणीक बोटीत भिजली. घरात पीठ होते ते ज्वारीचे, आणि ज्वारीला चिकटपणा नाही. लावले की पाच मिनिटांत पडे. अण्णा दोन दिवस असे बसले होते की घरात सुतक आहे. शेवटी यजमानांचा मुलगा बोटीने जाऊन ओंजळभर गव्हाचे पीठ घेऊन आला. जाऊन येऊन चार तास. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत. अण्णा न बोलणे म्हणजे काय, हे आमच्या दिंडीला विचारा.

या घरात दारू नाही, मांस नाही. तळोदा भागातले गुलाम महाराज तुम्हाला माहीत असतील. 1930 नंतरच्या दशकात त्यांनी या डोंगरांतल्या हजारो माणसांना आरतीला बसवले, दारू सोडायला लावली, एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवले. यजमानांचे आजोबा त्यांच्या आरतीला जात. आम्ही इथे भक्ती घेऊन आलो आहोत असा काही भ्रम मनात असला, तर तो पहिल्याच संध्याकाळी उतरला.

पाचवा दिवस मोक्षदा एकादशीचा, गीताजयंतीचा. आम्ही विचारले, फराळाला काय आहे? वहिनींनी भगर शिजवली. भगर याच डोंगरउतारावर पिकते. यजमान हसत म्हणाले, “बाबा, तुमचा उपवास म्हणजे आमचं रोजचं जेवण.” आम्ही चौघेही हसलो, पण मी जरा उशिरा हसलो.

त्या दिवशी वाचनात तेरावा अध्याय होता. ज्ञानाची लक्षणे सांगताना घरादाराविषयीची अनासक्ती तिथे येते. आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत शिकत असताना हा भाग मी पाठ केला होता. पुढे त्यावर निरूपण करताना माझा एक ठेवणीतला दृष्टांत असे. एका गावाला पूर येतो, एका भक्ताचे घर डोळ्यांदेखत वाहून जाते, आणि तो टाळ वाजवत हसतो की बरे झाले, पाश तुटला. हा दृष्टांत मी किती मंडपांत सांगितला असेन! बायाबापड्या डोळे पुसत. कधी कधी बिदागी त्यावरच वाढे. खोटे कशाला बोलू?

रात्री चांदणे पडले. आसपासच्या टेकड्यांवरून वीस-पंचवीस माणसे आली. यजमान म्हणाले, “बाबा, कीर्तन करा.” मी घशाकडे बोट दाखवले. नानांनी तोवर टाळ गळ्यात घातले होते. “उभा राहा रे,” म्हणाले, “पडलास तर धरू.”

उभा राहिलो. माउली, ध्वनिवर्धकाशिवाय मी कीर्तन केले त्याला तीस वर्षे झाली असतील. पण तिथे पंखा नाही, मोटार नाही, जनरेटर नाही. माझा तो फाटका आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले. नामाचा अभंग घेतला, चाल लागली, तासभर गेला. सकाळचे वाचन मनात होतेच. सवयीने जिभेवर आले, “एका गावाला पूर आला…”

समोर यजमानांची आई बसली होती. ऐंशीच्या पुढची. मराठी फारशी कळत नसावी, पण ‘पूर’ आणि ‘गाव’ हे शब्द तिला कळले. तिने माझ्याकडे पाहायचे सोडून पाण्याकडे पाहिले.

मला पुढचे वाक्य सापडेना. चाळीस वर्षे पाठ असलेले वाक्य. अण्णांना वाटले, घसा गेला. त्यांनी मृदंग उचलला, नानांनी विठ्ठल विठ्ठल धरले, आणि भजनात ते झाकून गेले. आबांनी मात्र वीणा छेडता छेडता माझ्याकडे एकदा पाहिले.

सकाळी मी अंगणात बसलो होतो. यजमान चहा घेऊन आले आणि शेजारी उकिडवे बसले. म्हणाले, “बाबा, रात्री तुम्ही पुराच्या गावाचं सांगत होता. पुढं काय झालं?”

मी म्हणालो, “दादा, ते मला माहीत नाही. तुम्ही सांगा.”

मग त्यांनी सांगितले. पाणी एका रात्रीत आले नाही. एका पावसाळ्यात शेत गेले, पुढच्या पावसाळ्यात अंगणाशी आले. एक भाऊ बायकापोरे घेऊन तळोद्याकडे पुनर्वसनाच्या वसाहतीत गेला. हे राहिले. आधी धान्य वर नेले, मग कोंबड्या, मग कौले, पोरांच्या डोक्यावरून पाच पाच करून. मग खांब. एक खांब वर न्यायला चार माणसे आणि अर्धा दिवस. खांब उपटले की खड्ड्यात पाणी झिरपे. सगळे खांब आणले. देव मात्र जागचा हलत नाही, तो तिथेच राहिला.

“मग हे घर?” मी विचारले.

ते मला आत घेऊन गेले. ज्या खांबाला टेकून मी पाच दिवस अनासक्ती वाचत होतो, त्याच्यावर कमरेच्या उंचीला एक जुनी खाच होती. खालच्या घरात तिथे पाळण्याची दोरी बांधत असत. इथे ती खाच रिकामीच आहे. यजमान त्या पाळण्यात वाढले, त्यांचा हा मुलगाही, ज्याने कणीक आणली. मी त्या खाचेत बोट घालून पाहिले. दोरीने घासून आतून गुळगुळीत झाली आहे.

उरलेले दोन दिवस मी त्या खांबाला टेकलो नाही. ताठ बसून वाचले. पाठ दुखली. अण्णा म्हणाले, “ही कसली तपश्चर्या?” मी काही सांगितले नाही. अजूनही त्यांना नीट सांगितलेले नाही, इथे वाचतील तेव्हा कळेल.

त्रयोदशीला समाप्ती झाली, आरती झाली. वहिनींनी मक्याच्या भाकरी आणि उडदाची डाळ केली. पंगत एकोणीस पानांची. निघताना यजमानांनी बोट एका वाळक्या खोडाला बांधली होती. पाण्याबाहेर त्याचे हातभर टोक दिसत होते, वर एक पाणकावळा पंख पसरून बसलेला. मी दोरी सोडायला वाकलो तर ते म्हणाले, “थांबा बाबा, मी सोडतो. हा आमच्या अंगणातला आंबा.”

बोटीत कोणी बोलले नाही. वल्ह्याचा आवाज तेवढा होता. नर्मदेला नमस्कार करायचे माझ्या मनात होते, हात जोडलेही, पण कोणाला जोडले ते मला नक्की सांगता येणार नाही.

काठीला परतीच्या जीपसाठी दोन तास थांबावे लागले. होळीच्या मैदानाकडेला बसलो. आबांनी विचारले, “फाल्गुनात आपल्या गावच्या सप्ताहाला काल्याचं कीर्तन तुझ्याकडे देऊ का? आवाज निघतो की अजून.” मी म्हणालो, “मंडपात नाही निघायचा.” आबा म्हणाले, “मग मंडप नको घालू या.” नानांनी लगेच तंबूवाल्याला दिलेल्या इसाऱ्याची आठवण करून दिली आणि विषय तिथेच अडकला. इसारा परत मागायचा की नाही, यावर आमची अजून दोन बैठका झाल्या आहेत.

यजमानांनी येताना किलोभर भगर बांधून दिली होती. उद्या एकादशी आहे. भगरीत डोंगरातले बारीक खडे आहेत, म्हणून घरची मंडळी सूप घेऊन ओट्यावर बसली आहे. मला हाक मारते आहे, “चष्मा लावून या, तुम्हीही निवडा.”