गळती सीलची, दोष बेअरिंगचा

जग्वारच्या ई-टाइपखाली शिरून मागची बाजू पाहिली, की ब्रेकच्या डिस्क चाकांपाशी दिसत नाहीत. त्या आत, डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांना लागून बसवलेल्या असतात. 1961 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी आली, तेव्हा बॉब नाइट यांच्या हातचं हे मागचं सस्पेन्शन फार पुढचं मानलं गेलं. चाकाबरोबर वरखाली होणारं वजन त्यात बरंच कमी झालं होतं. मात्र डिस्कची धग शेजारच्या ऑइल सीलला सोसावी लागते. भाजून भाजून रबर कडक होतं, सीलची लिप शाफ्टला धरेनाशी होते आणि तेल थेट डिस्कवर उडतं. म्हणून या गाडीतली तेलगळती हा जिवाशी खेळ आहे.

ब्राउन्स लेनच्या कारखान्यात या गाड्या बनत, त्याच कॉव्हेंट्रीत मी राहतो. गिअरच्या कामाचे धडे पुण्यात गिरवले. 2008 मध्ये टाटांनी जग्वार घेतली, त्यानंतर इकडे आलेल्या इंजिनिअरांपैकी मी एक. शेजारच्या आजोबांकडे 1966 ची, 4.2 लिटरची ई-टाइप आहे. ब्रेक लावला की ती एका बाजूला ओढायची. याआधी एका गॅरेजनं दोन्ही सील बदलली होती, तरी डाव्या डिस्कवर पुन्हा तेल. आजोबा नवी सील घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, आधी सील का गेलं ते पाहू.

त्यासाठी मागची सगळी चौकट उतरवावी लागते. डिफरन्शियल, डिस्क, कॅलिपर, चार स्प्रिंगा, सगळं एका पत्र्याच्या पिंजऱ्यात बसलेलं असतं आणि तो पिंजरा बॉडीला रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. गाडी घोड्यांवर घेतली, प्रॉपेलर शाफ्ट, हँडब्रेकची केबल, ब्रेकचा होज सोडवला. रेडियस आर्म मात्र गंजून बॉडीला असे घट्ट धरले होते, की संध्याकाळ त्यांच्यातच गेली. पिंजरा जॅकवर हळूहळू खाली घेतला; हे काम एकट्यानं करू नये, वजन फार असतं. हाफशाफ्ट आणि डिस्क यांच्यामधले शिम ज्या बाजूचे त्या बाजूला बांधून ठेवले. चाकाचा कॅम्बर त्यांच्यावरच ठरतो.

तेल काढलं. गंधकाचा उग्र वास होता, पण तो या तेलाचा स्वभावच. लोहचुंबक फिरवलं तर राखाडी लगदा लागला, दातांचे तुकडे नव्हते. मागचं झाकण उघडल्यावर मला खरा आनंद झाला. क्राऊन आणि पिनियनचे दात अजून तुकतुकीत होते. रंग लावून फिरवलं. ठसा दाताच्या मधोमध पडला. सॅल्सबरीच्या या डिफरन्शियलमध्ये बॅकलॅश किती हवा, तो आकडा क्राऊन व्हीलवरच कोरलेला असतो. डायल गेज लावून मोजलं, तर त्याला धरूनच होतं. साठच्या दशकातल्या माणसांनी जुळवलेल्या या जोडीला हात लावायचं काहीच कारण नव्हतं, आणि मी लावला नाही.

दोष निघाला डाव्या आउटपुट शाफ्टमध्ये. बेअरिंगला प्ले होता. शाफ्टच जागचा हलत असेल तर कोणतंही सील फार दिवस टिकत नाही. वर झाकणावरचा ब्रीदर मातीनं बुजलेला. गरम झाल्यावर आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही, मग ती सीलमधून तेल ढकलणारच. जुन्या सीलनं शाफ्टवर चरही पाडला होता. त्यावर स्टीलची पातळ बाही चढवली.

बेअरिंग दोन्ही बाजूंची नवी घातली, शिमनं प्ले जमवला. आजोबांनी आणलेली साधी सील परत पाठवून उष्णता सोसणारी व्हायटॉनची मागवली. पिनियनचंही सील बदललं. नट सोडण्याआधी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजलं आणि आवळल्यावर तेवढाच ठेवला. यात पॉवर-लॉक आहे, त्यामुळे लिमिटेड स्लिपचंच तेल भरलं. साधं तेल भरलं तर वळणावर आतल्या क्लच प्लेट कुरकुरतात.

गाडी आता ब्रेक लावल्यावर सरळ थांबते. डिस्क कोरड्या आहेत.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल आणि तेल गळत असेल, तर सील विकत घेण्याआधी ब्रीदर साफ करा आणि शाफ्ट हातानं हलवून पाहा. आणि तेल डिस्कपर्यंत पोहोचलं असेल, तर काम पुरं होईपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नका.