गाव उठलं तेव्हा

१९ जुलै २०२२ ला इंग्लंडात कॉनिंग्जबी इथे पारा ४०.३ अंशांवर गेला. आमच्या पाटोद्याला वैशाखात हा आकडा सवयीचा. पण तिकडची घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, आणि लेस्टरला धाकट्या बहिणीच्या घरात छताला पंखासुद्धा नाही. तिच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे. एरवी तिचं पाणी २५-२६ अंशांवर असतं. ते दोन दिवस ३२ वर राहिलं.

आठवड्याने तिचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, माझं मशरूम पांढरं पडलं रे."

हे मशरूम म्हणजे दगडी प्रवाळाचं जवळचं नातलग. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या भुईछत्रीसारखी मऊ गोल चकती, आत सांगाडा नाही. एरवी हिरवट तपकिरी. त्या दिवशी दिसली ती आक्रसलेली, उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी. आईने चष्मा लावून पाहिलं. तिला पोवळं ठाऊक ते अंगठीतलं.

"मेलं का गं?"

"नाही आई, रिकामं झालंय."

मग बहिणीने समजावलं. प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी, एकेका पेशीची शैवालं लाखोंनी राहतात. उजेडावर ती अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं घरधन्याला देतात. तो तपकिरी रंगही त्यांचाच. पाणी तापलं की हे काम बिघडतं, ऑक्सिजनचे घातक रेणू साचू लागतात आणि प्रवाळ शैवालांना बाहेर काढतं. मागे उरतं पांढरं, जिवंत, उपाशी अंग.

आई जरा वेळ गप्प राहिली. "म्हणजे गाव उठलं म्हण की."

आमच्याकडे या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बालाघाटाच्या माथ्यावरच्या वाड्या-तांड्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीला निघते. कोल्हापूर-सांगलीकडे, थेट कर्नाटकात. मागे ओट्यावर म्हातारी माणसं. नवख्याला ती वाडी ओसाड वाटते. मी अशाच वाडीवरच्या शाळेत शिकवलंय. तिथे संध्याकाळी एखाद्या घरातून धूर निघतो, तेवढ्यासाठी मी थांबायचो.

शैवालांना उजेड लागतो, तर दिवा वाढवावा, असं कुणालाही वाटेल. करायचं नेमकं उलट. नुकतं लावलेलं मिरचीचं रोप आपण उन्हात उघडं टाकत नाही. बहिणीने मशरूम चिकटलेला दगड पेटीच्या तळाला, कपारीच्या सावलीत ठेवला, दिवा मंद केला, पाण्याची धार दुसरीकडे वळवली. आठवड्यातून दोनदा पंप बंद करून कोळंबीचा बारीक चुरा ड्रॉपरने चकतीवर सोडायचा. शैवालं नसताना पोटाला तेवढाच आधार. पहिल्या दिवशी चुरा तसाच पडून राहिला. चौथ्या खेपेला कडा हळूच आत वळल्या, आणि बहीण रात्री, आमच्या मध्यरात्री, फोन करून तेवढंच सांगून झोपली.

ऑगस्टात तिकडे पुन्हा ऊन तापलं. आईने माठ आठवून सांगितलं, "वारा दे त्याला." पेटीच्या उघड्या तोंडावर टेबलफॅन रोखल्यावर दोनेक अंश उतरले. मात्र उडून जातं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज तेवढं गोडं पाणी वर घालायचं. म्हणजे पेटीत मीठ राहतं लिटरमागे ३५ ग्रॅम, समुद्राइतकंच. पाणी अगदी नितळ करण्याचा मोहही तिने आवरला. थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट लागतंच, जसं रानाला शेणखत.

प्रवाळ काचपेटीतच नाहीत, आपल्या मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यातही आहेत. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य झालं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. त्या बातमीचा फोटो मी नीट पाहूच शकलो नाही. तिथे कुणी दगड उचलून सावलीला ठेवणार नव्हतं.

२०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला होता. पुढच्याच आठवड्यात आमच्या घरासमोरून ट्रॉल्या निघाल्या. भांडी, गोधड्या, बाजेला बांधलेलं शेरडू, सामानावर लेकरं. आई ओट्यावर उभी होती. तेवढ्यात फोन वाजला. बहिणीने कॅमेरा काचेला टेकवला. चकतीच्या कडेला, नखाच्या रेघेएवढी, तपकिरी झाक होती.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला.

"किती आले गं परत?"