नो सिग्नल

रविवारी जोहरची नमाज पढून मी आपाच्या घरी पोचलो, तेव्हा भाचीनं सगळा संसार जमिनीवर मांडला होता. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. दोन वर्षं शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्यात गेले होते. ग्राफिक्स कार्ड तेवढं जुनं, मिरजेच्या एका पोराकडून साडेसात हजाराला घेतलेलं. ते आणून देणारा मीच. विंडोजचा खर्च नको म्हणून लिनक्स टाकायचं तिनं आधीच ठरवलं होतं.

दुल्हाभाईंना हे सगळं मान्य नव्हतं. "दुकानात तयार मिळतोय की. पोरीच्या जातीनं हे स्क्रू फिरवत बसायचं कशाला?" असं म्हणून ते पेपर घेऊन उंबऱ्याशी बसले होते.

अडीच वाजता तिनं बटण दाबलं. पंखे फिरले, आत दिवा लागला आणि मॉनिटरवर अक्षरं आली, नो सिग्नल. थोड्या वेळानं तीही गेली.

पहिली चूक लगेच सापडली. एचडीएमआयची केबल तिनं मदरबोर्डच्या सॉकेटला लावली होती. तिचा प्रोसेसर रायझन ५ ५६००. त्यात चित्र काढणारा भागच नसतो, तो ५६००जी मध्ये असतो. म्हणजे बोर्डावर सॉकेट असलं तरी त्यातून काही येणार नाही. केबल कार्डाला लावली. तरी नो सिग्नल. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. चार खाच्यांत दोनच पट्ट्या असल्या तर बहुतेक बोर्डांवर त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाच्यात घालतात, तशाच होत्या. मॉनिटर जुन्या लॅपटॉपला लावून बघितला, ठणठणीत. बोर्डाच्या कडेला चार बारके दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्याच्यावर गाडी अडते तो पेटून राहतो. आमचा व्हीजीएवर अडकला होता.

व्हीजीए म्हणजे कार्ड. माझं डोकं फिरलं. भाचीचा चेहरा बघवत नव्हता, आणि आतून आपाचा आवाज येत होता, "गेले का गं पैसे?" मी अंगणात जाऊन मिरजेला फोन लावला. "मेलेला माल गळ्यात मारलास होय रे? पोरीच्या शिकवणीचे पैसे होते ते." पोरगा म्हणत होता, "चाचा, परवापर्यंत मी त्यावर गेम खेळलोय, अल्लाची कसम." मी म्हटलं, कसमा खाऊ नकोस, आणि फोन ठेवून दिला.

आत आलो तर दुल्हाभाई पेपर बाजूला ठेवून कॅबिनेटपाशी उकिडवे बसलेले. त्यांची उभी हयात शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं उघडण्यात गेली. इंजिन चालू झालं नाही तर ते मालकाचं काही ऐकत नाहीत. डिझेल टाकीतून निघालं का, लाईनीत हवा धरलीय का, नोझलपर्यंत पोचलं का, मग कॉम्प्रेशन. मुळापासून एकेक टप्पा.

"ह्याला करंट कुठनं येतो?" त्यांनी कार्डावर बोट ठेवलं.

"बोर्डातनंच येतो अब्बा, खाच्यातनं."

"सगळा? मग ह्याच्या डोक्यावर हे मोकळं सॉकेट कशाला ठेवलंय?"

भाची आणि मी एकमेकांकडे बघितलं. आठ पिनांचं सॉकेट. खाच्यातून फार तर ७५ वॅट मिळतात, जीटीएक्स १६६० ला त्याहून जास्त लागतात. त्यासाठी पॉवर सप्लायमधून वेगळी केबल द्यावी लागते. ती केबल जादा समजून आम्ही खोक्यातल्या पिशवीतच ठेवली होती! प्रोसेसरची केबलही आठ पिनांचीच असते, पण दोन्हींची जोडणी वेगळी, एकीच्या जागी दुसरी दडपायची नाही. भाचीनं कडेचं नाव वाचून योग्य ती लावली. बटण दाबलं. मदरबोर्ड कंपनीचं चिन्ह पडद्यावर आलं.

दुल्हाभाई काही बोलले नाहीत. पेपर मात्र परत उचलला नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू केलं, यादी आली, एंटर दाबलं आणि पडदा पुन्हा काळा. आपानं कपाळाला हात लावला. या वेळी मात्र भाची घाबरली नाही. कॅप्स लॉक दाबून बघितलं, कीबोर्डचा दिवा लागत-विझत होता. "मामू, आत सगळं जिवंत आहे. नुसतं दिसत नाहीये." बरोबर होतं तिचं. कंपनीचं चिन्ह दिसलं म्हणजे तारा आणि कार्ड ठीक. लिनक्सचं कर्नल पडद्याचा ताबा घेतं त्या क्षणी चित्र जात होतं, कारण एनव्हिडिया कार्डासाठी त्यात आधीपासून असलेला नूव्हो नावाचा ड्रायव्हर या कार्डाशी नीट जुळत नव्हता. पुन्हा सुरू करून यादीवर ई दाबलं, लिनक्स शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी nomodeset ऐवजी तिनं घाईत भलतंच टाइप केलं, ते खोडून 'नोमोडसेट'ची इंग्रजी अक्षरं एकेक करून घातली आणि एफ १० दाबलं. हिरवा डेस्कटॉप आला. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करतानाही तेच करावं लागलं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर घातला आणि प्रश्न मिटला.

मगरीबची अजान झाली. दुल्हाभाई आणि मी मशिदीत गेलो. येताना ते शेजारच्या माणसाला सांगत होते, "पोरीनं घरात कॉम्प्युटर बनवलाय." केबलचा उल्लेख नव्हता. मी गप्प होतो. सूरह हुजुरातवरचं बयान किती जुम्म्यांना ऐकलं असेल, बदगुमानीवर मी स्वतः लिहिलंही आहे, आणि परक्या पोराला चोर ठरवायला मला दोन तास पुरले होते.

इशानंतर फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

"कार्ड चालू आहे," मी म्हटलं. "केबल आम्हीच लावली नव्हती. माफ कर बेटा."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "चाचा, माझ्या अब्बांसमोर स्पीकरवर होता तुमचा फोन."

"दे त्यांना," मी म्हटलं.