गोड्या पाण्याचा किनारा

सप्टेंबर २०२३ मध्ये एका परिसंवादाच्या निमित्ताने मी ग्रीसमधील क्रीट बेटावर, हानिया या शहरी गेलो होतो. बरोबर आमच्याच महाविद्यालयातील भूगोलाचे सर होते; माझ्याहून अकरा वर्षांनी वडील, घरी कन्नड आणि माझ्याशी बेळगावी मराठी बोलणारे. परिसंवाद संपला आणि परतीच्या विमानाला दोन दिवस उरले. सरांना वस्तुसंग्रहालय पाहायचे होते. समुद्रकिनारा पाहण्याचा हट्ट माझा, आणि तोही साधासुधा नव्हे. जिथे मोटार जात नाही, छत्र्या-खुर्च्या नाहीत, असा. पुढे जे घडले त्याचे मूळ या हट्टात आहे, म्हणून तो आधीच कबूल करून टाकतो.

आपण बेळगावची माणसे गोव्याला जातो तेव्हा किनारा शोधावा लागत नाही. माडांची रांग ओलांडली की तो समोर असतोच. क्रीटच्या दक्षिणेला तसे नाही. तिथे लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर, २४५३ मीटरपर्यंत चढतात आणि लिबियन समुद्रात जवळजवळ सरळ उतरतात. किनारपट्टी म्हणून काही उरतच नाही. लुत्रो नावाच्या गावाला तर मोटाररस्ताच नाही. होडीने जा, नाहीतर चालत. मग किनारा शोधायचा कसा? सरांनी रात्री खोलीत नकाशा पसरून मला तो धडा दिला. समोच्च रेषा जिथे आत वळतात तिथे घळ असते. घळीतून पावसाळी लोंढे दगडगोटे आणतात आणि मुखाशी टाकतात; तोच किनारा. सोळा किलोमीटर लांबीची सामारियाची घळ आया रुमेलीला समुद्राला मिळते, आराडेनाची मार्मारा किनाऱ्यावर उतरते. धडा इतका सोपा वाटला की तासाभरात मीच तज्ज्ञ झालो आणि पेन्सिलीने नकाशावर खुणा करू लागलो. सर म्हणाले, "नकाशात पाणी दिसत नाही ओ. तेवढं लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही डोंगर ओलांडून होरा स्फाकिऑन या बंदरात उतरलो. शेवटची वळणे आपल्या चोर्ला घाटाची आठवण करून देणारी, फक्त झाडे वजा केलेली. हे बंदर इतिहासात नोंदले गेले आहे. मे १९४१ च्या अखेरीस जर्मनांपुढे माघार घेणारे हजारो ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे सैनिक हेच डोंगर तुडवत इथे आले. चार रात्री जहाजांनी त्यांना उचलले. जे उरले त्यांना १ जूनला शरण जावे लागले. त्यांचे स्मारक धक्क्याजवळ आहे. सर तिथे बराच वेळ उभे राहिले. मी घड्याळ पाहत होतो.

आम्हांला जायचे होते ग्लिका नेराला. होरा स्फाकिऑन आणि लुत्रो यांच्यामधला, कड्याखालचा हा गोट्यांचा किनारा. धक्क्यावर होडी होती. सर म्हणाले, "होडीनं जाऊया की." मी म्हणालो, होडीने गेलो तर तो किनारा आपण शोधला असे होणार नाही. हे वाक्य मला त्या वेळी फार चांगले वाटले होते.

अनोपोलीच्या रस्त्याने निघून पहिल्या मोठ्या वळणावर पायवाट फुटते. युरोपभर पसरलेल्या ई-४ या लांब वाटेचाच तो तुकडा, पिवळ्या-काळ्या खुणांचा. वाट कड्याच्या अंगावर कोरल्यासारखी आहे. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला काही नाही आणि खाली निळे पाणी. कठडा नाही, सावली नाही. खडकांतून रानटी झुडपांचा ओव्यासारखा वास येतो आणि शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, शेळ्या मात्र दिसत नाहीत. बंदरापासून दीडेक तासाचे चालणे. आमच्याकडे लिटर-लिटरच्या दोन बाटल्या होत्या, म्हणजे तेवढ्या चालण्याला बेताच्या.

अर्ध्या वाटेवर मला खाली एक खाच दिसली. पांढऱ्या गोट्यांची, दोन खोल्यांएवढी, माणसाचा मागमूस नसलेली. तिकडे उतरणारी एक बारीक वाटही दिसली. खुणा सोडून मी त्या वाटेला लागलो. सर काही बोलले नाहीत, मागून आले. वीस-पंचवीस मिनिटांनी वाट एका कड्यावर येऊन संपली. ती शेळ्यांची वाट होती, आणि जिथे शेळी उडी मारते तिथे प्राध्यापकाला थांबावे लागते. खाच पायांखाली, पन्नास-साठ हात खोल. मी डावीकडे उतार शोधला, उजवीकडे शोधला. पायाखालचे दगड सुटून खाली जात आणि पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरा येई. या खटपटीत तास गेला आणि दोन्ही बाटल्या संपल्या.

परत मूळ वाटेपर्यंत चढताना सर दोनदा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पोटऱ्यांत गोळे येत होते, मळमळत होते. मी त्यांच्या डोक्यावर नकाशा धरला. त्यांच्या घरी फोनवर काय सांगावे लागेल, हे वाक्य माझ्या मनात कन्नडमध्ये जुळू लागले. मला कन्नड बेताचेच येते, तरी ते अगदी शुद्ध जुळत होते. सर मात्र एवढेच म्हणाले, "अजून किती लांब आहे ओ?" मला माहीत नव्हते. मी म्हणालो, जवळच.

सुदैवाने ते खरे ठरले. वळण ओलांडले आणि किनारा दिसला. त्यावर सत्तर-ऐंशी माणसे होती! टोकाला एक खानावळ, छत्र्या, खुर्च्या, आणि काही युरोपीय मंडळी वस्त्रांच्या उपाधीतून पूर्ण मुक्त झालेली (हे वाक्य संपादकांनी ठेवले तर). आदल्या रात्री हे दृश्य कल्पनेत आले असते तर मी हळहळलो असतो. त्या क्षणी त्या छत्र्यांइतके सुंदर मी काही पाहिले नव्हते.

पण खानावळ दुसऱ्या टोकाला होती आणि सरांना तेवढे चालवेना. ते कड्याच्या पायथ्याशी सावलीत टेकले. शेजारी कोणीतरी गोटे बाजूला सारून हातभर खड्डा केला होता आणि त्यात पाणी होते. सरांनी ओंजळ भरून जिभेला लावली आणि एकदम म्हणाले, "ओरते!"

खारे नव्हते. थंडगार, गोडे. ग्लिका नेरा म्हणजेच गोडे पाणी. नाव मला आदल्या रात्रीपासून पाठ होते, पण कोशातल्या शब्दासारखे. कन्नडमधली ओरते म्हणजे आपला झिरा. उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत खणतात तोच. पांढऱ्या डोंगरांवर हिवाळ्यात पडणारे बर्फ आणि पाऊस चुनखडीत मुरतात, आतल्या आत वाहतात आणि समुद्राच्या कडेला गोट्यांतून वर येतात. हे सरांनी मला तिथेच, मानेवर ओला रुमाल ठेवून, डोळे मिटून समजावून सांगितले. शिकवू लागले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बाटली भरा आधी."

पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, ग्रीसच्याच सिमी बेटावर मायकेल मोस्ली हे ब्रिटनमधले प्रसिद्ध डॉक्टर-निवेदक एका किनाऱ्याहून उन्हात एकटे चालत निघाले आणि हरवले. चार दिवसांनी दुसऱ्या एका किनाऱ्याजवळ, माणसांच्या वर्दळीपासून हाकेच्या अंतरावर, त्यांचा देह सापडला. ती बातमी मी सरांना दाखवली नाही. त्यांनीही ती वाचली असणार. तेही कधी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही होडीने परतलो. होडी त्याच कड्याखालून गेली. खालून पाहताना आमची वाट भिंतीवरच्या मुंग्यांच्या रांगेएवढी दिसत होती. सरांनी कोपराने मला हलकेच ढोसले आणि बोट दाखवले. ती खाच होती. पांढरे गोटे, संध्याकाळचे ऊन आणि कोणी नाही.

"बघा, तुमचा किनारा," सर म्हणाले.

पेन्सिल माझ्या खिशात होती. नकाशा मात्र सरांनी घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला होता, आणि मी तो मागितला नाही.